पुरात वाहून गेलेलं पागोटं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी, नदीकाठी एक राज्य होतं. तिथला रिवाज ऐकाल तर थक्क व्हाल! राजा ज्याला पागोटं देई, तोच मानाचा माणूस. बाकीचे सगळे उघडबोडके. पागोटेवाल्यानं उघडबोडक्याच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि पागोटेवाला एकदा होडीत बसला, की ती होडी कोणा उघडबोडक्यासाठी वळवायची नाही. वळवली तर होडी फोडून टाकायची.

त्या नदीवर एक नावाडीण होती. हात भक्कम, जीभ त्याहून भक्कम. एके दिवशी नदीला पूर आला आणि प्रधानजी आपलं भलंमोठं पागोटं सावरत तिच्या होडीत बसले. होडी मध्यावर आली, तोच हाक आली, "वाचवा!"

गढूळ पाण्यात एक उघडं डोकं वरखाली होत होतं, एक हात वर आला होता!

"चल पुढे," प्रधानजी म्हणाले. "उघडबोडका आहे."

"अहो, बुडतोय तो!" नावाडीण ओरडली आणि तिनं होडी गर्रकन वळवली. होडी कलली, पाणी आत आलं, प्रधानजींनी देवाचा धावा सुरू केला. तिनं वल्हं पुढे केलं. बुडणाऱ्यानं ते धरलं! एका हिसक्यात तिनं त्याला आत ओढलं. चिखलानं माखलेला तो माणूस धापा टाकत पडून राहिला. प्रधानजींनी रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं, ते काठ येईपर्यंत. काठावर उतरून तो नुसते हात जोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रधानजींनी नावाडिणीला दरबारात उभं केलं. तिकडे नदीवर कुऱ्हाडवाले होडीपाशी हुकमाची वाट बघत थांबले होते. होडी गेली तर तिच्या घरची चूल विझणार होती.

राजा आला आणि सगळा दरबार अवाक झाला. राजाच्या डोक्यावर पागोटंच नव्हतं!

"काल काठ ढासळला आणि मी नदीत पडलो," राजा म्हणाला. "पागोटं वाहून गेलं. बाई, तू मला ओळखून वाचवलंस का?"

नावाडीण आधी चपापली, मग म्हणाली, "छे हो, महाराज! त्या चिखलात कोण ओळखतंय? एक हात वर आलेला दिसला. हात माणसाचा होता. एवढं पुरे नाही का?"

"पुरे आहे!" राजा उठून उभा राहिला. "पाण्यात मी कोणाचा राजा नव्हतो, तरी माझ्या जिवाला मोल होतं. प्रधानजी, ते मोल मला कोणत्या पागोट्यानं दिलं?"

प्रधानजींची मान खाली गेली. हातभर अंतरावर पडलेला आपला राजा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"जे मी कधी कोणाला दिलंच नाही, ते काढून घेणारा मी कोण?" राजा म्हणाला. "कुऱ्हाडी परत बोलवा!"

त्या दिवसापासून तो रिवाज मोडला. पागोटी राहिली, पण ती डोक्याला ऊन लागू नये म्हणून, हवी त्यानं बांधावी. आणि होडीत पहिली जागा मिळू लागली ती ज्याची नड मोठी त्याला.

तेव्हा लहानथोरहो, ध्यानात ठेवा: माणसाचा मान त्याच्या जन्माबरोबर येतो, तो कोणी दिलेला नसतो, म्हणून कोणाला काढूनही घेता येत नाही.