माळ्यावरची राख

"पाऊल न उमटवता माणूस चालू शकतो का, बुवा?"

अच्युतबुवांना वाटलं, शिष्य एखाद्या सिद्धीबद्दल विचारतोय. दिनकर आगाशे हे निवृत्त तलाठी, बारा वर्षं नेमाने मठात येणारे. माणूस बघताक्षणी आपल्याला कळतो, असा त्यांचा पक्का समज.

पण प्रश्न निघाला घराच्या माळ्याचा. बियाण्याच्या शेंगा कमी होत होत्या, जुन्या गादीतला कापूस जात होता. माळ्याच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं, आणि किल्ली आगाशांच्या जानव्याला. शेवटी त्यांनी फळ्यांवर चाळून राख पसरली. दुसऱ्या दिवशी शेंगा आणखी कमी, आणि राखेत माणसाचं पाऊल नाही. बारीक ओरखडे होते म्हणे, पण तलाठ्याने ओरखड्यांकडे कशाला बघावं?

"सून पोचलेली आहे, बुवा. पाऊलसुद्धा मागे ठेवत नाही."

सोमवारी तिला माहेरी नेऊन सोडायचं, कायमचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याला मागाहून कळवणार होते.

बुवा उठले. काठी घेतली आणि आगाशांच्या घरी निघाले.

सून, कुंदा, ओटीवर भाजी निवडत होती. रडून डोळे सुजलेले. तिने मुकाट्याने शिडी आणून लावली आणि धरून उभी राहिली.

बुवा शिडीखाली थोडा वेळ कान देऊन थांबले. आगाशांनी कुलूप काढल्यावर वर चढले, राखेतून सरळ कोपऱ्यात गेले आणि खाली वाकले. मागोमाग आगाशे कडेकडेने आले.

वरचं एक कौल सरकलेलं होतं. खाली गादीच्या कापसात खारीची तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. भोवती शेंगांच्या टरफलांचा खच. बाहेर कौलांवर त्यांची आई शेपटी उडवत चिरकत होती.

आगाशे ओशाळले. खरोखर ओशाळले. मग घाईघाईने म्हणाले, आत्ताच कौल नीट बसवून घेतो.

बुवांनी हात आडवा केला. पिल्लं मोठी होऊन बाहेर पडू देत, मग बसव म्हणाले.

आगाशांनी मान डोलावली. पण नजर राखेवर गेली होती. शिडीपासून कोपऱ्यापर्यंत बुवांची अनवाणी पावलं, कुठेही न अडखळलेली.

"इतक्या अंधारात तुम्ही नेमके इथेच कसे आलात?"

"पिल्लांचा आवाज आला."

"मला नाही आला..."



आगाशांनी किल्ली चाचपली. विचारू नये, हे त्यांना कळत होतं. तरी तोंडून निघालंच.

"बुवा, याआधी कधी तुम्ही... इथे वर...?"

बुवांनी खाली पाहिलं. कुंदा अजून शिडी धरून उभी होती.

"बरं झालं, दिनकरा. आता तुझ्या संशयात सुनेला सोबत झाली."