बारा ढोल्यांचा उंबर

फार जुनी गोष्ट. नदीकाठी फळांनी लगडलेला एक उंबर होता. त्याच्या बारा ढोल्यांत बारा पाखरांची बिऱ्हाडं होती. साप चढताना कुणाला दिसला, की ते ओरडे आणि सगळी मिळून सापाला टोचून खाली पाडत.

एका हिवाळ्यात दूरचे श्रीमंत पोपट आले. त्यांना इथली हवा मानवली. एकेका ढोलीसाठी ते डाळिंबाच्या दाण्यांची रास घालू लागले. शेजारी एकामागून एक ढोल्या देऊन निघाले. शेवटी उरली साळुंकी.

जाताना तांबट म्हणाला, "वहिनी, तुम्हीही देऊन टाका."

"इतक्यात कशाला? भाव चढतोय, चढू दे की," साळुंकी खुशीत म्हणाली.

उन्हाळा लागताच पोपट आपल्या गावी गेले. अकरा ढोल्या त्यांच्याच राहिल्या, पण रिकाम्या.

वैशाखात साळुंकी तीन अंड्यांवर बसली होती. भर दुपारी खाली काहीतरी सळसळलं. साप चढत होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तिचा आवाज अकराही ढोल्यांत घुमला आणि जसाच्या तसा परत आला.

जुन्या सवयीनं साप जागीच थांबला. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो सावकाश पुन्हा चढू लागला.