इटलीत खाल्लेलं ताट

त्या रविवारी जयसिंगपुरात धुकं असं उतरलं होतं, की साडेअकरा वाजले तरी रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकान दिसत नव्हतं. दौलतराव मगदूम गळ्याला मफलर गुंडाळून, बायको वत्सलाताई आणि तीन मित्रांना घेऊन केतकीच्या इटालियन हॉटेलात शिरले ते "अगदी अशीच हवा होती रोमला" म्हणतच. रोमला ते गेले होते भर मे महिन्यात. पण हॉटेलचा गाळा त्यांचा होता, तेव्हा हवाही त्यांचीच.

दर रविवारचा हा नेम. पिझ्झा आला की दौलतरावांनी एक घास घ्यायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि म्हणायचं, "छे. इटलीत खाल्लं त्याची सर नाही." की ताट परत. मित्रांनी इटली पाहिलेली नव्हती, म्हणून तेही माना हलवायचे आणि अर्धपोटी घरी जायचे.

त्या दिवशी मात्र शेडबाळे वकिलांना खरोखरच भूक लागली होती. तिसरं ताट आत जायला लागलं तसे ते म्हणाले, "दौलतराव, दहा महिने ऐकतोय. ते इटलीतलं जेवण एकदा डोळ्यांनी दाखवा तरी. का नव्हतंच तसलं काही?"

बाकीचे दोघे खुदखुदले. दौलतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी केतकीला हाक मारली.

"मी इटलीत जे खाल्लं, तेच आत्ता या टेबलावर आलं पाहिजे. आम्ही उठायच्या आत. नाही जमलं, तर पहिल्या तारखेला गाळा मोकळा कर."

"पण काय खाल्लं होतं, काका?"

"तेही मीच सांगू? मग तू हॉटेल कशाला काढलंस?"

केतकी आत आली ती पदार्थांची यादी हातात घेऊन नुसती उभी राहिली. चुलीपाशी सिदू आचारी होता. लग्नाच्या पंगती केटरिंगवाल्यांनी नेल्यापासून या सत्तरीच्या म्हाताऱ्याला कुणी बोलावत नव्हतं. केतकीनंच त्याला कामावर घेतलं होतं. हॉटेल मिटलं तर त्याला पुन्हा घरी बसून भिंतीकडं बघत राहायचं होतं.

सिदूनं सगळं ऐकून घेतलं. हात पुसले, टोपी सरळ केली आणि सावकाश चालत बाहेर गेला. दौलतरावांनी नवीन ताटातला पास्ता काट्यावर घ्यायचा खेळ मांडला होता. काटा त्यांनी खुरप्यासारखा मुठीत धरला होता. पास्ता निम्म्या वाटेवरून माघारी फिरत होता. सिदू ते घटकाभर बघत राहिला.

"साहेब, तुम्ही किती जण होता तिकडं?"

"बेचाळीस. एक अख्खी बस."

"आणि जेवायला बस किती वेळ थांबायची?"

"अर्धा तास. शिस्त म्हणजे शिस्त, आपल्यासारखं नाही."

"जेवण गरम असायचं?"

"वाफा निघायच्या वाफा!"

"पोटाला काही त्रास?"

"आठ दिवसांत एकदाही नाही. उलट जेवलं की बसमध्ये अशी झोप लागायची, की फ्लॉरेन्स मी पाहिलंच नाही."

वत्सलाताईंनी एकदम पदर तोंडाला लावला आणि खिडकीतून धुकं बघू लागल्या. सिदूनं तेही पाहिलं. "आणतो," म्हणाला आणि आत गेला.

केतकी म्हणाली, "मामा, काय करताय तुम्ही?"

सिदू म्हणाला, की पोरी, पाच माणसांच्या पिझ्झ्याला इथं पाऊण तास लागतो. बेचाळीस माणसं, अर्धा तास, सगळं गरम, आणि वर झोप. उभ्या आयुष्यात मी पंगतीच वाढल्यात. इतक्या घाईत आचारी काय शिजवतो, ते मला विचार.

कोपऱ्यातल्या शेगडीवर कामगारांचं जेवण तयार होतं. सिदूनं एक ताट वाढलं, त्यावर दुसरं पालथं घातलं आणि नेऊन दौलतरावांपुढं ठेवलं. झाकण काढलं.

ताटात पिठलं होतं, वाफाळता भात होता, मिरचीचा ठेचा होता, शेजारी भाजलेला पापड.

दौलतराव ताटाकडं बोट करून म्हणाले, "हे... हे इटालियन आहे?"

"इटालियन तुम्ही मागितलंच नव्हतं, साहेब. इटलीत खाल्लेलं मागितलं होतं."

शेडबाळे वकील पुढं वाकले. "वहिनी, तुम्हीही होतात. तुम्ही सांगा."

वत्सलाताईंनी नवऱ्याकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं, आणि पदर खाली घेतला. "रोमला पापड तळलेला होता," त्या म्हणाल्या. "आपल्या टूरचा आचारी बरोबरच असायचा. यांनी तिकडचा पाव एकदा हातात घेतला, वास घेतला आणि कबुतरांना घातला."

दौलतरावांनी मफलर सोडला. क्षणभर त्यांच्या मिशा थरथरल्या. मग पोटातून हसू उसळलं, ते काही केल्या आवरेना. डोळ्यांतलं पाणी त्यांनी मफलरलाच पुसलं, काटा बाजूला सारला आणि पिठलं-भात कालवायला घेतला.

"अजून आहे का रे, सिदू? या तिघांनाही वाढ. दहा महिने उपाशी आहेत बिचारे."

ताट चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी केतकीला सांगितलं, की उद्या ये, गाळ्याच्या भाड्याचा कागद दहा वर्षांचा करून देतो. आणि सिदूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला मी इटलीला धाडणार. त्याच बसनं. तूही बघ एकदा."

संध्याकाळी धुकं पार गेलं होतं. सिदूनं कट्ट्यावर बसून सगळी हकीकत शेजारच्या इराप्पाला सांगितली. इराप्पानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकलं, चिमूट गालात धरली आणि म्हणाला, "जन्मभर पिठलं रांधलंस, सिदबा, आणि आता तेच खायला इमानात बसून जाणार होय?"