केरबानं ऑफिस भरवलं

आमच्या गावात एक ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. बाकी कर्मचारी घरीच लोळत लॅपटॉपवर काम करायचे. ऑफिसला यायच्या फक्त मॅनेजर निंबाळकरबाई.

एकदा मोठ्या साहेबांचा फोन आला. "सोमवारी येतोय. ऑफिस रिकामं दिसलं तर बंद करणार."

बाई घाबरल्या. त्यांनी गमतीची जाहिरात छापून घेतली. 'घरी बायको म्हणते, भांडी घासा. इथं कुणीच म्हणत नाही. ऑफिसला या!'

"केरबा, ही प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आली पाहिजे."

"जी बाई."

हिशेबनीस घोरपडे आपल्या घरच्या अंगणात डुलकी घेत होते. केरबानं डिंक काढला आणि जाहिरात त्यांच्या चष्म्यावर चिकटवली. घोरपडे उठले ते थेट पाण्याच्या हौदात.

"अरे, चष्म्यावर नाही, दारावर चिकटवायची!"

"जी बाई. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गरमागरम कांदाभजी आणवली. पुड्यांवर लिहिलं, 'अशी भजी ऑफिसात रोज!'

"घरोघरी पोचव."

केरबानं ध्यानात ठेवलं होतं. एकेक भजं काढून त्यानं डिंकानं दारांवर चिकटवलं. माणूस एक आला नाही. गावातली कुत्री मात्र त्याच्या मागोमाग ऑफिसला आली. अगदी वेळेवर.

"अरे शहाण्या! दारावर कसलं चिकटवतोस? घरात जाऊन ज्याचं त्याच्या हवाली करायचं!"

"जी बाई."

रविवारी बाईंनी शेवटची जाहिरात काढली. 'तुमची खुर्ची तुमची वाट बघतेय!' केरबाला म्हणाल्या, "खुर्च्या पूस आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लाव."

केरबानं पुसल्या. चिठ्ठ्या लावल्या. मग त्याला कालचा धडा आठवला. त्यानं टेम्पो बोलावला आणि ज्याची खुर्ची त्याच्या घरात नेऊन ठेवली.

सोमवारी साहेब आले. बसायला खुर्ची नाही. बाईंना रडूच फुटलं. "केरबा, पळ! खुर्चीत जो बसला असेल त्याला खुर्चीसकट उचलून आण!"

"जी बाई."

टेम्पो परत आला. पहिल्या खुर्चीत घोरपड्यांच्या सासूबाई, मटार सोलत. दुसरीत साळुंख्यांचे आजोबा, अर्धीच दाढी झालेले. टेम्पोमागून वस्तरा घेऊन न्हावी पळतोय. तिसरीत मांजर.

साहेब आ वासून बघत राहिले.

तेवढ्यात "आमची म्हातारी पळवली!" म्हणून बोंब ठोकत सगळे कर्मचारी धावत आले. कुणी लुंगीवर, कुणी बनियनवर, काखेत लॅपटॉप. ऑफिसात पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेब पोट धरून हसले. "बाई, ऑफिस चालू राहणार!"

बाई आनंदानं ओरडल्या, "केरबा, दाराला कुलूप घाल! आता इथनं एकही माणूस घरी जाता कामा नये!"

"जी बाई."

केरबानं आतून भक्कम कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीच्या गजांतून खालच्या नाल्यात भिरकावली.

साहेबांचं हसू थांबलं. "अरे, किल्ली का फेकलीस?"

"मी पण माणूसच की, साहेब," केरबा म्हणाला. "संध्याकाळी मलासुद्धा घरी जावंसं वाटलं असतं."