पैशाचे कल्ले

वेळशी बंदरावरच्या मासळी बाजारात मोबाइलवर पैसे घ्यायचं धाडस एकट्या चांगुणाबाईनं केलं होतं. बाकीच्या कोळणी म्हणायच्या, "हातात येत नाही तो पैसा कसला? ही एक दिवस बुडणार बघा!"

तो दिवस उगवलाच, असं सगळ्यांना वाटलं. माजी सभापती खानविलकर आले. त्यांच्याशी हुज्जत घालायची बाजारात कुणाची छाती नव्हती. चांगुणाबाई "ताजी आहे, साहेब" म्हणत असतानाही त्यांनी नेहमीसारखे एकेका सुरमईचे कल्ले उघडून बघितले, लालभडक कल्ल्यांची सुरमई पिशवीत घातली, चांगुणाबाईच्या नाकासमोर मोबाइल नाचवला आणि "गेले पैसे!" म्हणून निघाले.

"थांबा साहेब, माझ्या फोनवर बघते." फोनवर काहीच आलं नव्हतं.

खानविलकर कडाडले, "माझ्या शब्दावर विश्वास नाही? मला चोर समजतेस?"

चांगुणाबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, सुरमई ताजी आहे असा शब्द मीही दिला होता. तरी तुम्ही कल्ले उघडलेत. मी रागावले का? तुम्ही माझ्या मासळीचे कल्ले बघता, मी तुमच्या पैशाचे बघते."

खानविलकरांनी चष्मा लावला. पिन टाकायचाच राहिला होता! त्यांनी तो मुकाट्यानं टाकला आणि चांगुणाबाईचा फोन वाजला.

साहेब गेल्यावर, आजवर चांगुणाबाईच्या मोबाइलला सगळ्यात जास्त हसणारी म्हातारी कोळीण यमुनाबाई हळूच तिच्याजवळ सरकली.

"चांगुणे, ते कल्ले कुठं असतात ते मलाही दाखव गो. चाळीस वर्षं मासळीचे बघतेय, पैशाचे शिकायला कितीसा वेळ लागणार!"