तपस्व्याच्या हातातला दोर

फार फार जुनी गोष्ट आहे. देवांना माणसांची नावं पाठ होती, तेव्हाची.

एका उंच कड्याखाली मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याला आग्या माश्यांची सुपाएवढाली पोळी लटकत. पोळं कापायला माणूस वरून दोराने खाली उतरे. वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानेच, असा गावाचा नियम होता. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे, तो दोर कशाला सोडेल?

पण एका मधकऱ्याचा मेव्हणा तप करायला डोंगरावरच्या गुहेत जाऊन बसला. थोडीथोडकी नाही, चांगली बारा वर्षं! थंडीत अंगावर कापड नाही, दिवसाला मूठभर कंद, महिनोन् महिने मौन. लोक येऊन पाया पडत. तो डोळे मिटून घेई. पण आज किती जण आले, ते त्याला बरोबर ठाऊक असे.

इकडे दोर धरायला कोणी नाही, म्हणून बहिणीचा नवरा बारा वर्षं कड्यावर उतरला नव्हता. दुसऱ्यांची पोळी पिळून मिळेल त्यात घर चाले. शेवटी बहीण गुहेशी आली.

"दादा, एक दिवस ये रे. माझ्या पोरांनी अजून घरचा मध चाखलेला नाही."

तो हसला. "भूक जिंकली, झोप जिंकली. एका दोराचं काय घेऊन बसलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव कड्यावर जमला. खुंटाला एक वेढा देऊन तपस्व्याने दोर दोन्ही हातांत धरला. बहीण घागर घेऊन मागे उभी राहिली. बाईने दोराला हात लावायचा नाही, हाही नियमच होता. नवरा धुराचा पलिता घेऊन खाली उतरला.

बारा वर्षांनी कड्यावर उतरलेला माणूस तो, खुशीत होता. मेव्हण्याची थट्टा केल्याशिवाय त्याला राहवेना. खालून त्याने हाक दिली, "अहो मेव्हणे, जागे आहात ना? दोर धरलाय की जपमाळ?"

गाव खो खो हसला.

तपस्व्याचे कान तापले. बारा वर्षांत त्याला कोणी हसलं नव्हतं. मला हसतात? या पायांवर डोकं ठेवणारे, मला? पायाशी एक दगड होता. हसणाऱ्यांवर भिरकावायला त्याने तो उचलला.

दगड हातात आला आणि दोर हातातून गेला.

दोर खुंटावरून सर्रकन धावला. खालून किंकाळी आली. तपस्वी आपल्याच हाताकडे बघत राहिला. हा दगड आपण कधी उचलला? हे आपण केलं?

बहिणीने घागर टाकली आणि दोरावर झेप घेतली. तळहात सोलून निघाले, पण दोर थांबला. एवढ्यात खाली पोळ्याला धक्का लागला. माश्या काळ्या धुरासारख्या वर आल्या आणि तिच्या तोंडावर बसल्या. गालांवर, ओठांवर, पापण्यांवर. एक हात सोडला असता, तर तिला त्या झटकता आल्या असत्या. तिने हात सोडला नाही.

चार माणसं घोंगड्या पांघरून धावली आणि त्यांनी नवऱ्याला वर ओढलं. त्याचा खांदा निखळला होता. तो कण्हत म्हणाला, "मेव्हणे, थट्टा होती हो."

बहिणीचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली.

"दादा, मी कधी एक एकादशीसुद्धा नीट केली नाही रे. तू एवढं तप केलंस. तुझ्या हातून दोर सुटला कसा?"

दगड अजून तपस्व्याच्या मुठीतच होता.

तो पुन्हा गुहेत गेला नाही. गावाने जुना नियम मोडून नवा केला. दोर धरू म्हणणाऱ्याची आधी सगळ्यांसमोर मनसोक्त थट्टा करायची. जो हसेल त्याने दोर धरायचा, मग तो पुरुष असो की बाई. त्या वर्षापासून दोर बहीण धरू लागली. तपस्वी दरवर्षी थट्टेला येऊन उभा राही, लालबुंद होई आणि मुकाट्याने मागे जाऊन बसे.

सातव्या वर्षी तो हसला. तेव्हा बहिणीने आपल्या वण पडलेल्या हातांनी दोर त्याच्या हातात दिला.

तात्पर्य: राग आला त्याच क्षणी जो मनाला आवरतो, त्याचाच संयम खरा.