हात लावू नये

"पण वाजवून बघितल्याबिगार मी माझ्या तोंडानं चांगलं म्हणू कशी?"

धुरपदाबाईनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

"आत्या, हे म्युझियम आहे. इथं वस्तूला हात लावत नाहीत." परशानंही तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"मग घेणाऱ्याला कळतं कसं, पक्कं का कच्चं?"

"बघून."

"बघून..." म्हातारीनं दालनभर नजर फिरवली. "बघून तर नवरासुदिक कळत न्हाई."

दोघं उभी होती शहरातल्या नव्या कलासंग्रहालयात. पांढऱ्या भिंती, गार हवा, आणि मधोमध पांढऱ्या चौथऱ्यावर एक काळा रांजण. कमरेएवढा. परशाच्या हातचा. भोवती लोखंडी खांब, खांबांना दोरी, दोरीला पाटी : हात लावू नये. चौथऱ्यावर दुसरी पाटी : 'मौन', कलाकार परशुराम कुंभार.

थोड्याच वेळात प्रदर्शन उघडणार होतं. रांजण संग्रहालयाच्या कायमच्या ठेवीत जायचा होता. सही आजच होणार होती. सहीआधी एकच काम उरलेलं. ज्या बाईच्या हाताखाली परशानं अकरा वर्षं माती तुडवली, तिनं चारचौघांत सांगायचं, की माल चांगला आहे आणि चेला माझा आहे. पत्रिकेत तसं छापूनच टाकलं होतं.

म्हणून तर परशा तिला कराडच्या कुंभारवाड्यातून गाडी करून घेऊन आला.

ही धुरपदाबाई साधी बाई नव्हे. बाईनं चाकावर बसायचं नाही, ही रीत. नवरा गेला, तेराव्याचे पाहुणे परतले, आणि दुसऱ्या दिवशी ही चाकावर बसली. भावकीनं दोन वर्षं हिच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. हिनं काय करावं? दर बाजाराला उभं राहून आपलं मडकं आपणच वाजवायची. "ऐका, आन् मग सांगा, बाईच्या हातानं माती बाटली का!" तिसऱ्या वर्षी भावकीतल्याच लग्नाला हिची मडकी गेली. तिनं ती वाजवून दिली. शिव्या मात्र फुकट दिल्या.

अशा बाईला परशा दोरी दाखवत होता.

"नाव काय ठिवलंस म्हणालास?"

"मौन."

"म्हंजे मुकं."

"तसं नाही आत्या. अर्थ वेगळा आहे त्याचा. तुला नाही कळायचा."

"बरं," म्हातारी म्हणाली. आणि गप्प झाली. तिच्या गप्प होण्याची परशाला लहानपणापासून भीती.

तेवढ्यात मृणालिनी मॅडम आल्या. संग्रहालयाच्या संचालिका. सुती साडी, गळ्यात चांदी, बोलणं गोड.

"आजी! प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

"मला कशाचा त्रास? पळत व्हती ती गाडी."

"आत्या, तुम्ही बसा ना जरा," परशा म्हणाला.

म्हातारीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही? गाडीत तर तू म्हणत व्हतास. का रं, इथं हवा गार हाय म्हणून जीभ आखडली व्हय?"

मॅडम मनापासून हसल्या. परशाचे कान तापले.

"आजी, म्युझियम आता पूर्वीचं राहिलेलं नाही बरं का," मॅडम म्हणाल्या. "पूर्वी आम्ही वस्तू कपाटात ठेवायचो आणि किल्ली जपायचो. आता आम्हाला माणसं हवीत. नुसतं बघून जायचं नाही, सामील व्हायचं. संवाद झाला पाहिजे."

"मग ही दोरी?"

"ती... विम्यासाठी."

"मला ह्या रांजणासंगट संवाद करायचाय." म्हातारीनं बोटाचं पेर वाकवून दाखवलं. "आमच्यात माल देताना वाजवून देत्यात. खणखणला तर पक्का. बद्द वाजला तर फुटका. त्याबिगार मी चांगला म्हणत न्हाई. जलमात म्हणलं न्हाई."

मॅडमचे डोळे लकाकले.

"काय सुंदर! मग हे कार्यक्रमातच करू. सगळ्यांसमोर! रांजणाजवळ माइक लावू."

"मॅडम, विमा..." परशा घाईनं म्हणाला.

"ते माझ्याकडे लागलं!"

आणि त्या माइकवाल्याला शोधत गेल्यासुद्धा.

दालनात दोघंच उरली. परशा तिच्याजवळ सरकला.

"आत्या."

"बोल."

"नको वाजवू."

म्हातारी पुरती त्याच्याकडे वळली.

"डाव्या अंगाला तडा आहे. केसासारखा. भट्टीतच गेला. तारीख ठरलेली, दुसरा भाजायला वेळ नव्हता. मी खापराची पूड चिकट लेपात कालवून भरली. वरून काजळी घासली. डोळ्याला दिसत नाही."

...

"किती दिस झालं?"

"नऊ."

"झोप लागती?"

"लागते."

"त्येच वंगाळ."

परशाचा आवाज चढला. "अगं, ह्यात कुणी पाणी भरणार नाही! पंचवीस वर्षं झाली, लोक नळाचं पाणी पितात. हा बघायचा रांजण आहे. इथं बसला तर माझं नाव राहील. तुझंसुद्धा राहील. कुंभारवाड्यातलं कुणी आलंय का आजवर इथं? तू फक्त तळव्यानं हळू थाप. तळव्यानं कळत नाही."

"तळव्यानं मी गाढवाला थापटते."

"मग काय करू मी?"

"मला काय इचारतोस? मी काय भट्टीत बसले व्हते?"

ती जाऊन खुर्चीवर बसली. पिशवीतून तंबाखूची पुडी काढली, दारातल्या सुरक्षारक्षकानं मान हलवली, तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीकडे बघू लागला. तरी तिनं पुडी परत ठेवली.

परशाला वाटलं, अजून वेळ आहे. मॅडमना सांगावं, आत्याची तब्येत बिघडली. गाडी काढावी. तो दाराकडे दोन पावलं गेला. दार उघडलं, आणि माणसं आत यायला लागली.

दालन भरलं. खादीचे कुडते, मोठाल्या टिकल्या, हातात मोबाइल. मॅडमनी छान भाषण केलं. मग म्हणाल्या, "आता परशुराम यांच्या गुरू, धुरपदाबाई, आपल्या परंपरेप्रमाणे रांजण वाजवून दाखवतील."

रक्षकानं दोरी सोडली. म्हातारी उठली. रांजणापाशी गेली. त्याच्या पोटावरून, खांद्यावरून, डोळ्यांनीच हात फिरवला.

परशा तिच्या बोटांकडे बघत राहिला.

ती माइककडे वळली.

"ज्याचा माल, त्यानं आधी वाजवायचा. गिऱ्हाइकानं मागनं. ये रं."

आणि बाजूला सरली.

सगळी तोंडं परशाकडे वळली. चौथऱ्यापर्यंत सात पावलं होती. शेतातल्या ढेकळांतून चालावं तसा तो चालला. रांजण समोर आला. त्याला तळवा वापरता आला असता. आत्या जमिनीकडे बघत होती. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं, तर कदाचित त्यानं तळवाच वापरला असता.

त्यानं पेर वाकवलं. मारलं.

बद्द.

माइकमुळे तो आवाज भिंतीभिंतीला जाऊन आदळला. ओल्या जमिनीवर पोतं पडावं तसा.

...

"फुटका आहे," परशा म्हणाला. "भट्टीत तडा गेला. मी लेप भरून लपवला. नऊ दिवस लपवला. आज आत्याकडून खोटं वदवून घेणार होतो."

माणसं एकमेकांकडे बघू लागली.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं दालन टाळ्यांनी भरून गेलं. एक बाई तर डोळे पुसत होती.

"वा!" मॅडम माइककडे धावल्या. "आपण सगळ्यांनी पाहिलंत? मौन असं तुटतं! हा तडा म्हणजे आपल्या परंपरेला गेलेला तडा. आम्ही तो लपवणार नाही, त्याच्यावर दिवा लावू!"

"मॅडम, नाही... मी खरंच फसवलं," परशा म्हणाला.

टाळ्या आणखी वाढल्या.

"अहो, खरं सांगतोय! हे नाटक नाही!"

"परत एकदा वाजवा ना," समोरचा एक कुडतेवाला म्हणाला. "माझा व्हिडिओ राहिला."

परशाच्या डोक्यात काहीतरी तुटलं. आयुष्यात एकदा खरं बोलावं, आणि त्याचाही तमाशा व्हावा? त्यानं दोरीचा लोखंडी खांब उचलला. डोक्यावर नेला.

दालनातले सगळे मोबाइल वर झाले.

म्हातारीनं त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून मडकी ठोकायच्या थापीचा जोर होता.

"फोडू नगंस," ती हळू म्हणाली. "त्यालाबी टाळ्या पडतील."

...

खांब खाली आला.

धुरपदाबाईनं पदर खोचला आणि चौथऱ्याला गुडघा टेकला.

"आजी, काय करताय?"

"सही झालीया का?"

"नाही, पण आता तर आम्ही नक्कीच..."

"मग माल अजून आमचा हाय."

"अहो, पण नेताय कुठं?"

"घरी. कोंबडी खुडूक झालीया माझी. अंड्यावर बसवायला जागा न्हाई. ह्यो आडवा टाकीन."

मॅडमना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"कोंबडी? आजी, हा रांजण इथं राहिला तर हजारो लोक बघतील!"

"कोंबडीचं बघण्यावर काय न्हाई. ती बसून बघती."

कुणीतरी खिक्कन हसलं. मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. चांगली बाई होती ती. तीन वर्षं खपून हे दालन तिनं उभं केलं होतं.

"आणि ही जागा?" त्यांनी रिकाम्या होऊ घातलेल्या चौथऱ्याकडे हात केला. "इथं मी आता काय ठेवू?"

"दोरी काढा. येईल त्यो वाजवून बघंल, असं करा. दहा फुटतील, फुटू द्यात. मग निरोप धाडा. ह्यो नवा घडवून दील."

"आजी... तसं नाही करता येत."

"बाईला चाकावर बसता येत न्हाई म्हणून दोन वरसं माझ्याबी घरचं पाणी कुणी पीत नव्हतं," म्हातारी म्हणाली. "करता येतं."

मॅडमनी हातातल्या कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

गर्दी बाजूला सरकली. आता कुणी टाळी वाजवली नाही. ह्याला वाजवायची की नाही, ते कुणाला कळेना.

परशा रांजणाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. पत्रिका, भाषण, कायमची ठेव, सगळं संपलं होतं. एक गोष्ट तेवढी राहिली होती, आणि तिच्यासाठीच तर त्यानं गाडी केली होती.

"आत्या..." तो वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला. "तू सांगितलंच नाहीस. मी तुझा चेला म्हणवून घेऊ, का नको?"

म्हातारीनं रांजणाच्या बुडाखाली दोन्ही हात घातले होते. परशाचे हात सवयीनं वर, रांजणाच्या काठाला गेले होते.

"खालनं धर. कितींदा शिकवू?" ती म्हणाली. "काठाला धरून नेलास, तर वाटंत नुसता काठ हातात ऱ्हाईल."